दंडावरचा सेन्सर फोनशी कसा बोलतो?

घरात कोणाला मधुमेह असेल, तर दंडावर चिकटवलेला नाण्याएवढा गोल सेन्सर तुम्ही पाहिला असेल. त्वचेखालच्या द्रवातली साखर तो दर काही मिनिटांनी मोजतो आणि आकडा फोनवर पाठवतो. रात्री साखर घसरली, तर अलार्म वाजतो. पण या सेन्सरला चार्जर नसतो! आतल्या इवल्याशा बॅटरीवर त्याला १०-१५ दिवस काढायचे असतात.

मोजायला वीज फारशी लागत नाही, खरा खर्च असतो तो रेडिओवरून बोलण्याचा. त्यावरचा उपाय म्हणजे २०१०मध्ये आलेलं 'ब्लूटूथ लो एनर्जी'. त्याची युक्ती अगदी साधी आहे, बहुतेक वेळ झोपून राहायचं. काही मिलिसेकंद जागं व्हायचं, आकडा पाठवायचा, की पुन्हा झोप. गाणी ऐकवणाऱ्या हेडफोनला ही चैन परवडत नाही, म्हणून तो वरचेवर चार्जिंगला लावावा लागतो.

अडचण वेगळीच आहे. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं आणि आपल्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणीच! सेन्सरचा दंड अंगाखाली दाबून झोपलात आणि फोन पाठीमागे राहिला, तर संपर्क तुटू शकतो. तसं झालं, की साखर कमी झाल्याचा अलार्म फोनवर येणारच नाही.

मग शरीरालाच वायर केलं तर? १९९६मध्ये थॉमस झिमरमन यांनी नुसत्या हस्तांदोलनातून व्हिजिटिंग कार्डावरची माहिती पाठवून दाखवली होती. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात श्रेयस सेन यांच्या टीमने २०१९मध्ये असाच सिग्नल त्वचेपासून जेमतेम एका सेंटिमीटरच्या आत राखला. ब्लूटूथच्या तुलनेत वीज सुमारे १०० पट कमी! शिवाय दूर बसलेल्याला तो चोरून ऐकता येत नाही. ही भीती उगाच नाही बरं का. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी आपल्या हृदयाच्या यंत्राचं वायरलेस हॅकिंगच्या भीतीने बंद करून घेतलं होतं.

तोवर, आजी-आजोबांच्या दंडावर सेन्सर असेल, तर रात्री फोन त्याच बाजूला, उशीजवळ ठेवा. ब्लूटूथ चालू ठेवा, बॅटरी सेव्हर ते ॲप बंद करत नाही ना हे पाहा आणि 'सिग्नल लॉस'चा अलार्मही सुरू करा. आणि घाम, थरथर जाणवतेय पण फोनवरचा आकडा नॉर्मल दिसतोय, असं झालं तर बोटाला सुई टोचून साखर तपासाच.