अनेक मुखे, एक वाणी

चेन्नईच्या मांबलम् रेल्वे स्थानकातून बाहेर पडले, की प्रवासी रंगनाथन् स्ट्रीटच्या गर्दीत शिरतो. सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या नावाने १९२० नंतरच्या दशकात वसविलेल्या त्यागराय नगराचा हा एक कोपरा. मूळची ही राहत्या घरांची वस्ती. आज ती देशातील फार मोठ्या बाजारपेठांपैकी एक आहे. कांचीपुरमी साड्या, सोने, स्टीलची भांडी, विजेची उपकरणे यांची येथे मजल्यांवर मजले चढविलेली दुकाने आहेत. या बाजाराचा एक हंगाम मोठा मजेदार आहे. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तमिळ पंचांगातील 'आडी' महिना येतो. या महिन्यात लग्नकार्ये करीत नाहीत. साहजिकच साड्या आणि दागिने यांना गिऱ्हाईक नसे. त्यावर व्यापाऱ्यांनी 'आडी तळ्ळुपडी', म्हणजे आडी महिन्याची सूट, हा तोडगा काढला. परिणाम असा झाला, की खरेदी लांबणीवर टाकण्याचा महिना हीच खरेदीची पर्वणी ठरली!

व्यापाऱ्याने सूट द्यावी यात वावगे काही नाही. विचार करण्याजोगा प्रश्न निराळा आहे. लग्न नाही, सण नाही, घरात उणे नाही, तरीही मनुष्य पिशव्या भरून घरी येतो. ही इच्छा त्याला कोठून झाली? ती त्याची स्वतःची असते, की कोणी तरी त्याच्या मनात पेरलेली असते? या प्रश्नाचे अर्धे उत्तर मानसशास्त्रात सापडते आणि अर्धे वृत्तपत्रे, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्या मालकीच्या इतिहासात. ही दोन अर्धी उत्तरे एकत्र ठेवून पाहण्याचा आपण प्रयत्न करू.

प्रथम मनाकडे वळू. गरज भागली की शांत होते. परंतु काही माणसांच्या ठायी खरेदीची ओढ भागतच नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन याने १९१५ साली या अवस्थेचे वर्णन 'ओनिओमेनिया', म्हणजे विकत घेण्याचे वेड, या नावाने केले. तिचे चक्र ठरलेले असते. आधी उदासपणा किंवा अस्वस्थता येते. मग एखादी वस्तू घ्यावी असा विचार येऊन मनाला उभारी वाटते. वस्तू हाती पडताच क्षणभर सुटका झाल्यासारखे होते आणि घरी पोहोचेपर्यंत पश्चात्ताप सुरू होतो. वस्तू वेष्टनासकट कपाटात जाते, तिची खरी किंमत घरच्यांपासून लपविली जाते, आणि त्या लपविण्यातून पुन्हा नवी अस्वस्थता जन्मते. ही केवळ स्त्रियांची हौस, असा एक लाडका समज आहे. पण अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत शेकडा सहाच्या आसपास प्रौढांमध्ये ही प्रवृत्ती आढळली, आणि तीत स्त्रीपुरुषांचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते.

या चक्रातील मर्म असे, की सुख वस्तूत नसून वस्तूच्या अपेक्षेत असते. मेंदूतील डोपामिन या द्रव्याचा अभ्यास करताना वोल्फ्राम शुल्ट्झ यांना माकडांवरील प्रयोगांत असे दिसले, की बक्षीस मिळण्याची खूण एकदा ओळखीची झाली म्हणजे मेंदूतील पेशी बक्षिसाऐवजी त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागतात. जाहिरात ही अशीच एक खूण आहे.

खुणेचे सामर्थ्य वाढते ते पुनरुक्तीने. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली दाखवून दिले, की अनोळखी शब्द किंवा आकृती वारंवार नजरेस पडली, तर एवढ्या परिचयानेच ती आवडू लागते. १९७७ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात तीच ती विधाने पुन्हा पुन्हा ऐकविल्यावर, खरी असोत वा खोटी, ती लोकांना अधिक खरी वाटू लागली. आपल्या व्यवहारातही हेच घडते. एकाने सांगितले तर आपण ऐकून सोडून देतो. चौघांनी सांगितले तर विश्वास ठेवतो, कारण चार जण म्हणजे चार स्वतंत्र साक्षीदार असे आपण गृहीत धरतो. पण ते चौघे एकाच धन्याचे चाकर असले तर? येथे मनाचा प्रश्न मालकीच्या प्रश्नाला येऊन मिळतो.

मालकीचे नाना प्रकार चेन्नईने पाहिले आहेत. १९२४ साली काही हौशी नागरिकांनी मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब स्थापन केला. १९२७ साली पैशाअभावी तो बंद पडला, आणि १९३० मध्ये नगरपालिकेने नभोवाणीचे काम अंगावर घेतले. १९३८ साली आकाशवाणीचे केंद्र तेथे सुरू झाले. याच काळात खाजगी उद्योगाचे एक विलक्षण उदाहरण त्या शहरात घडत होते. एस. एस. वासन हे मूळचे जाहिरातींचे दलाल. १९२८ साली त्यांनी 'आनंद विकटन्' हे मासिक विकत घेऊन लोकप्रिय केले, पुढे जेमिनी स्टुडिओ उभारला, आणि १९४८ साली 'चंद्रलेखा' या चित्रपटाची देशभर एवढी जाहिरात केली, की तोवर तशी कोणी केली नव्हती. जाहिरात, नियतकालिक आणि चित्रपट एका हाती आले म्हणजे काय साधते, हे त्यांनी दाखवून दिले. मात्र वासनांच्या वाचकाला दुसरे मासिक घेण्याची मोकळीक होती.

ही मोकळीक पुढे आकसत गेली. १९९३ साली कलानिधी मारन यांनी चेन्नईत सन टीव्ही ही तमिळ वाहिनी सुरू केली. कार्यक्रम चटकदार होते, लोकांना ते आवडले, आणि हे यश कष्टाने मिळविलेले होते यात शंका नाही. यथाकाल या समूहाकडे दक्षिणेतील इतर भाषांच्या वाहिन्या आल्या, एफ. एम. नभोवाणी केंद्रे आली, २००५ साली 'दिनकरन्' हे दैनिक आले आणि २००८ पासून चित्रपटांचा व्यवसायही आला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घराघरांत वाहिन्या पोहोचविणारी सुमंगली केबल व्हिजन ही संस्थाही त्याच घराण्याच्या हाती होती. चित्रपट आपला, त्याचे गुणगान करणारी वाहिनी आपली, गाणी वाजविणारे नभोवाणी केंद्र आपले, आणि घरापर्यंत आलेली तारही आपलीच! जाहिरातदारालाही एकाच दाराशी गेले की सारी साधने मिळतात. प्रेक्षकाला मात्र चार ठिकाणांहून चार आवाज आल्याचा भास होतो.

यावर सरकारी उपायही झाला. पण तो बोधप्रद आहे तो निराळ्याच कारणाने. सत्ताधारी द्रविड मुन्नेत्र कळघम् पक्षाचे नेते करुणानिधी हे मारन बंधूंचे नात्याने आजोबा. २००७ साली या घराण्यात फूट पडली. त्याच वर्षी 'कलैञर' ही नवी वाहिनी निघाली, आणि सरकारने स्वतःचे केबल महामंडळ स्थापिले. पुढे घरातील भांडण मिटले आणि महामंडळ थंडावले. २०११ साली सत्तांतर झाल्यावर जयललिता यांनी ते पुन्हा चालू करून महिना ७० रुपयांत जोडणी देऊ केली. ग्राहकाचे पैसे वाचले हे खरे. परंतु तारेवरील नियंत्रण एका घराण्याच्या हातून निघून सरकारच्या हाती जाणे, याला विकेंद्रीकरण म्हणता येत नाही. कुलूप बदलले, एवढेच.

मग कायद्याने काय करावे? हा पेच जुना आहे, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली वृत्तपत्रांतील मक्तेदारीचा धोका दाखविला. छोट्या पत्रांना जगता यावे म्हणून, पाने किती द्यायची हे किमतीशी जोडणारा कायदा १९५६ साली झाला. त्याला पुण्याच्या 'सकाळ'ने आव्हान दिले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली तो कायदा रद्द ठरविला. मक्तेदारी आवरण्याच्या हेतूनेसुद्धा एखाद्या पत्राची पाने व खप यांना कात्री लावणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील घाला होय, हा त्या निकालाचा आशय. १९९५ साली त्याच न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. म्हणजे त्या सरकारच्या मिरासदारीच्या नव्हेत, आणि धनिकाच्याही नव्हेत. २०१४ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणाने वृत्तपत्र व दूरचित्रवाणी या दोन्हींवर एकाच हाताचे वर्चस्व नसावे, तसेच राजकीय पक्षांनी प्रसारणात पडू नये, अशा शिफारशी केल्या. त्यांचा सर्वंकष कायदा मात्र झाला नाही. दरम्यान नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांच्या भारतातील वाहिन्या एका छत्राखाली आल्या. रिलायन्स समूहाकडे दूरध्वनीचे जाळे आहे आणि किरकोळ विक्रीची दुकानेही आहेत. कार्यक्रम, तो दाखविणारा भ्रमणध्वनी आणि माल विकणारे दुकान यांच्यातील भिंती देशभर अशा विरळ होत आहेत.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. वाहिन्यांचा मालक एक झाला म्हणून लोक खरेदीचे वेडे झाले, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. ज्याचे मन आधीच पोकळ किंवा दुखावलेले असते, त्यालाच हा आवेग ग्रासतो. परंतु आवेग आणि कृती यांच्यामध्ये जी थोडी उसंत असते, तीतच माणसाचा विवेक काम करीत असतो. 'हे खरोखर लागते का?' असे विचारणारा दुसरा आवाज त्या उसंतीत ऐकू यावा लागतो. मालकी एकवटली म्हणजे हा दुसरा आवाज क्षीण होतो. आणि पैसे देणे सोपे झाले म्हणजे ती उसंतच नाहीशी होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात खेळाच्या तिकिटांचा लिलाव केला होता. रोखीने पैसे द्यायचे असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापेक्षा पतपत्राने देणाऱ्यांनी कितीतरी चढी बोली लावली. नोटा मोजताना हाताला जी कळ लागते, ती पतपत्र सरकविताना लागत नाही. आता तर जाहिरात, दुकान आणि तिजोरी ही तिन्ही एकाच काचेच्या तुकड्यात आली आहेत.

तेव्हा उपायही दोन्ही बाजूंनी हवेत. गृहस्थाने खरेदीची यादी घरी बसून करावी. यादीबाहेरची वस्तू आज न घेता चार दिवसांनी घ्यावी. हप्त्यांची बेरीज महिन्याच्या आरंभी कागदावर मांडावी. ज्याला एवढेही जमत नसेल, त्याची घरच्यांनी उधळ्या म्हणून हेटाळणी करू नये. त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे, कारण लज्जेने हा विकार लपतो आणि लपल्याने वाढतो. समाजाने आपल्या बाजूने एवढा आग्रह धरावा, की जो आवाज आपल्या घरात येतो त्याचा धनी कोण, हे उघडपणे सांगितले गेले पाहिजे. वाणिज्य चालू द्यावे, वाहिन्याही चालू द्याव्यात. पण दहा मुखांनी बोलणारा एकच असेल, तर ऐकणाऱ्याने त्याला दहा साक्षीदार समजू नये. हा हिशेब ज्याला ठेवता आला, त्याच्या मनाची किल्ली त्याच्याच कनवटीला राहील आणि पैशाची थैलीही.