धुऱ्यापलीकडचे वावर: शेजाऱ्याशी जमिनीची अदलाबदल

पुलगावच्या आसपासच्या मौजांमध्ये एकाच शेतकऱ्याचे वावर दोन-तीन ठिकाणी विखुरलेले असणे नेहमीचे आहे. एक तुकडा पांदण रस्त्याला लागून, दुसरा नाल्यापलीकडे, आणि मधोमध शेजाऱ्याचा पट्टा. शेजाऱ्याची अडचणही तीच, फक्त उलट बाजूने. पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर कोणाच्या उभ्या कपाशीतून न्यायचा, मोटारीचा पाइप कोणाच्या धुऱ्याखालून टाकायचा, असे वाद यातूनच निघतात. दोघांनी एकमेकांचे तुकडे बदलून घेतले, तर दोघांचीही शेती सलग होते.

अशा व्यवहाराला कायद्यात अदलाबदल म्हणतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ११८ मध्ये तिची व्याख्या आहे. एका वस्तूच्या मालकीच्या बदल्यात दुसऱ्या वस्तूची मालकी द्यायची, आणि दोन्हींपैकी एकही बाजू निव्वळ पैशाची नसावी. किमतीतला फरक भरून काढण्यासाठी एकाने वर काही रक्कम दिली तरी व्यवहार अदलाबदलीचाच राहतो. प्रत्येक जण दिलेल्या जमिनीपुरता विकणारा आणि घेतलेल्या जमिनीपुरता विकत घेणारा ठरतो; दोन्ही भूमिकांच्या जबाबदाऱ्या त्याच्यावर येतात.

गावात मात्र बहुतेक अदलाबदली तोंडी झालेल्या आहेत. दोन भावांनी किंवा दोन शेजाऱ्यांनी चार माणसांसमोर शब्द दिला, नवा धुरा घातला आणि नांगर चालू केला. सातबारा तसाच राहिला. ज्यांनी शब्द दिला ते हयात असेपर्यंत हे सुरळीत चालते. पुढच्या पिढीत एखाद्याला पीककर्ज हवे असते, एखाद्याची जमीन रस्त्यासाठी संपादनात जाते, आणि मोबदल्याची नोटीस सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला येते. कसणाऱ्याच्या हाती काहीच नसते. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची अदलाबदल नोंदणीकृत दस्तानेच करावी लागते. वर्षानुवर्षांची वहिवाट असली तरी ती संमतीने मिळालेली असेल, तर केवळ काळ लोटला म्हणून मालकी मिळत नाही.

या जुन्या तोंडी अदलाबदली कागदावर आणण्यासाठी महाराष्ट्राच्या महसूल विभागाने ३ जानेवारी २०२३ च्या शासन निर्णयाने ‘सलोखा योजना’ आणली. एकाच्या नावावरची शेतजमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात, अशी स्थिती किमान १२ वर्षे असेल, तर अदलाबदलीच्या दस्तावर नाममात्र १००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १००० रुपये नोंदणी फी लागते. दोन्ही तुकड्यांच्या क्षेत्रात कितीही फरक असला तरी सवलत मिळते. मात्र पटवारी आणि मंडळ अधिकाऱ्याने जागेवर येऊन ताब्याचा पंचनामा केलेला असावा लागतो. योजना सुरुवातीला दोन वर्षांसाठी होती; नंतर तिला मुदतवाढ मिळाली. अर्ज करण्यापूर्वी ती चालू आहे का, एवढे तहसील कार्यालयात विचारून घ्यावे.

योजनेची मर्यादाही मोठी आहे. बिगरशेती, राहती किंवा व्यापारी जागा तिच्यात बसत नाही. आणि जे शेजारी आज नव्याने अदलाबदल करू इच्छितात, ज्यांचा ताबा अजून बदललेलाच नाही, त्यांना ती लागू होत नाही. भांडण टाळण्यासाठी आधीच शहाणपणाने पाऊल उचलणाऱ्याला पूर्ण शुल्क भरावे लागते, ही उणीव खटकणारी आहे. शासनाने या सवलतीची कक्षा वाढवली, तर तोंडी व्यवहारांची नवी रांग लागणार नाही.

नव्या अदलाबदलीला महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे खरेदीखताइतकेच शुल्क लागते. ते दोन्ही मिळकतींच्या बेरजेवर आकारले जात नाही, तर दोन्हींपैकी जिचे बाजारमूल्य जास्त तिच्यावर आकारले जाते. समजा, एका तुकड्याचे मूल्य रेडीरेकनरप्रमाणे १२ लाख आणि दुसऱ्याचे ९ लाख आहे. शुल्क १२ लाखांवर पडेल, २१ लाखांवर नाही. वेगळा करार नसेल तर दोघांनी ते निम्मे-निम्मे सोसायचे असते. दोन स्वतंत्र खरेदीखते केली तर दोनदा शुल्क जाते, म्हणून एकच अदलाबदल दस्त करणे स्वस्त पडते. आयकराच्या दृष्टीने अदलाबदल हेही हस्तांतरणच आहे. गावाकडच्या शेतजमिनीला भांडवली नफ्याचा कर सहसा लागत नाही, पण शहरातल्या प्लॉटला लागू शकतो.

शेजाऱ्याकडे प्रस्ताव घेऊन जाण्याआधी आपली बाजू तपासलेली असावी. सातबाऱ्यावर ज्यांची ज्यांची नावे आहेत त्या सर्वांची संमती आणि सही लागते. बहिणींची नावे असतील तर त्यांचीही. त्या सासरी गेल्या म्हणून त्यांना वगळता येत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा दिसत असेल, तर आधी तो फेडावा किंवा त्यांचे ना-हरकत पत्र घ्यावे. जमीन भोगवटादार वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाणार असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कडक निर्बंध आहेत. विदर्भाच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्यामुळे शेतकरी नसलेल्या व्यक्तीशी शेतजमिनीची अदलाबदल परवानगीविना करता येत नाही. तुकडेबंदीचाही विचार हवा: २०२३ पासून राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत जिरायत जमिनीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. लहान तुकडा लगतच्या खातेदाराला देण्याला कायद्यात वाट आहे, आणि धुऱ्याशेजाऱ्याच्या व्यवहारात तिचाच उपयोग होतो.

प्रस्ताव शक्यतो मालकाने स्वतः मांडावा. मध्यस्थामार्फत निरोप गेला की शेजाऱ्याला वाटते, यात काहीतरी डाव आहे. सोबत गावनकाशाची प्रत असावी आणि त्यावर दोन्ही तुकडे रंगवलेले असावेत. त्या बैठकीत एकरांपेक्षा वस्तूंची चर्चा जास्त होते, आणि तशी होऊ द्यावी. धुऱ्यावरचे निंबाचे झाड कोणाचे? विहीर ज्या तुकड्यात आहे तो गेला, तर पाण्याची पाळी राहील का? वीजजोडणी कोणाच्या नावावर राहील? उभ्या तुरीचे पीक काढून झाल्यावर ताबा द्यायचा की आधी? नदीकाठचा तुकडा पावसाळ्यात पाण्याखाली जातो, त्याची किंमत वरच्या वावराएवढी धरायची का? यातली एखादी गोष्ट कागदावर यायची राहिली तर नेमकी तीच पुढे कोर्टात जाते. अडचण फक्त रस्त्याची असेल, तर जमीन बदलण्याची गरजच नाही. संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून वाट मागता येते.

गावठाणात आणि शहरी वस्तीत बाब जरा वेगळी आहे. दोन घरांमधली तिरपी भिंत सरळ करण्यासाठी चार फुटांची पट्टी इकडून तिकडे द्यायची असते. इथे सातबाऱ्याऐवजी आखीव पत्रिका पाहावी लागते, आणि विदर्भातल्या शहरांत जागा नझूलची तर नाही ना, हेही. नझूल जागा भाडेपट्ट्याची असते, त्यामुळे परवानगीविना व्यवहार टिकत नाही. पुलगावात केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. अशा ठिकाणांच्या परिसरात संरक्षणविषयक कायद्याखाली बांधकामावर निर्बंध असू शकतात. ते दोन्ही जागांना सारखेच लागू आहेत का, हे किंमत ठरवण्याआधी पाहावे.

बोलणी जमली की भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून ‘क’ प्रत घ्यावी आणि दस्तात चतुःसीमा तिच्याप्रमाणेच लिहाव्यात. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदणीला द्यावा लागतो. मिळालेल्या जमिनीवर पुढे तिसऱ्याचाच हक्क निघाला, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ११९ प्रमाणे नुकसानभरपाई मागता येते. दिलेली जमीन अजून शेजाऱ्याकडेच असेल तर तीही परत मिळू शकते. दस्तात याच्या उलट काही लिहिलेले नाही ना, हे सही करण्याआधी वाचून घ्यावे.

नोंदणीनंतर फेरफाराची नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर दोन्ही सातबाऱ्यांची नवी प्रत काढावी, पीकविम्यासाठी आणि सोसायटीच्या खात्यात गट नंबर बदलून घ्यावेत, वीजबिलावरचे नाव दुरुस्त करावे आणि दोघांनी मिळून मोजणीच्या खुणांवर दगड रोवावेत.