सेमिनरीत शिकतात तरी काय?

नागपूरला गेल्यावर मुलांना घेऊन सेमिनरी हिल्सवर फिरायला गेला नाहीत, अशा आपल्या विदर्भात थोड्याच जणी असतील. पण त्या टेकडीला हे नाव कशामुळे पडले, हे कधी मनात आले का? तिथे सेंट चार्ल्स सेमिनरी आहे. सेमिनरी म्हणजे ख्रिस्ती धर्मसेवक तयार करणारी शाळा. डॉक्टर किंवा शिक्षक व्हायला काय शिकावे लागते ते आपल्याला तोंडपाठ असते. मग रविवारी उपदेश करणारे, लग्ने लावणारे, शेवटची माती देणारे हे लोक कुठे नि काय शिकत असतील?

यात दोन वाटा आहेत, बरं का. कॅथलिक फादर लग्न करीत नाहीत. त्यांचे शिक्षण आठ-दहा वर्षे, कधी त्याहूनही जास्त चालते. आधी तत्त्वज्ञान, मग धर्मशास्त्र, आणि अधूनमधून प्रत्यक्ष काम. पुण्याची पेपल सेमिनरी ही अशीच एक मोठी संस्था. ती १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्याला आली.

प्रोटेस्टंट पाळक मात्र तुमच्या-आमच्यासारखे संसारी. त्यांच्या शिक्षणात विदर्भाचा वाटा मोठा आहे. १९५३ साली यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. तीस वर्षे तिथे राहून १९८३ साली ती पुण्याला गेली. अशा ठिकाणी जी बी.डी. पदवी मिळते, तिच्यामागे बंगालमधल्या श्रीरामपूरची परंपरा आहे. तिथले कॉलेज १८१८ साली विल्यम केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढले. मराठीचे व्याकरण १८०५ साली छापणारे केरी ते हेच!

विद्यार्थी बायबल तर शिकतातच. ते मुळातून समजावे म्हणून हिब्रू आणि ग्रीक भाषांशी झटापट करतात. चर्चचा इतिहास, इतर धर्मांचा अभ्यास, उपदेश कसा करावा, हेही असते. पण खरी परीक्षा वर्गाबाहेर होते. शनिवार-रविवार जवळच्या मंडळीत जायचे, आजाऱ्याच्या उशाशी बसायचे, ज्या घरात मूल दगावले तिथे जायचे. तिथे पाठ केलेली वचने घडाघडा म्हणून भागत नाही. गप्प बसून ऐकावे लागते. आपल्याला वाटते बोलणे शिकवत असतील. पण ऐकणे शिकवणे त्याहून अवघड, नाही का?

आणि पाळकाच्या बायकोचे काय? दार ठोठावणाऱ्याला ती वेळ विचारू शकत नाही. पगार बेताचा, बदली ठरलेली. चार घरांची दुःखे कानावर येतात, पण ती ओठांबाहेर काढायची नाहीत. पदवी नवऱ्याला मिळाली तरी परीक्षा दोघांचीच असते. म्हणून काही सेमिनरींत विद्यार्थ्यांच्या बायकांसाठीही वर्ग घेतात, हे मला फार पटते.

आमच्या आंबागडाहून तुमसर रोड स्टेशन जवळच. नारायण वामन टिळक राजनांदगावला जाताना त्यांना गाडीत एका परक्या प्रवाशाने बायबल दिले, ती नागपूरकडून येणारी लाइन हीच. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. काही वर्षांची ताटातूट सोसून त्या परत आल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. टिळक अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, सेमिनरीत शिकवत. घरी येणारा-जाणारा सांभाळायचा तो लक्ष्मीबाईंनीच. बायकोला न विचारता घेतलेला निर्णय तिला किती महागात पडतो, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या मैत्रिणींना सांगायला नको.

बायकांनी स्वतः हे काम शिकावे, ही गोष्टही आपल्याकडे जुनीच. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात मुलींना बायबल शिकवून गावोगाव पाठवले. त्यांचे मराठी बायबल छापण्याचे कामही तिथल्या बायकांनीच केले. आज सेमिनरींत मुलीही शिकतात. २०१३ साली चर्च ऑफ साउथ इंडियाने आंध्रातल्या नंद्यालला पहिली महिला बिशप नेमली.

तुमच्या किंवा शेजारच्या घरातले लेकरू या वाटेने जायचे म्हणाले, तर एकदम हुरळून जाऊ नका आणि रडूही नका. आधी चार गोष्टी विचारा. संस्थेची पदवी कुठली, आणि ती कोण मान्य करते? खर्च मंडळी उचलणार की घरचे? शिकून झाल्यावर नेमणूक कोण करणार? आणि लग्न झालेले असेल, तर सुनेला कुणी विचारले का? शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा, असे माझे मत आहे. दुसऱ्यांचे ऐकायला शिकायला निघालेल्या माणसाने पहिला धडा घरातच गिरवलेला बरा!