मोडण्याआधी कुरकुरणारी गाडी

ताडोबाच्या मोहर्ली, कोलारा, नवेगाव, यांपैकी कुठल्याही प्रवेशद्वारावर पहाटे जा, जिप्सींची रांग लागलेली असते. छप्पर काढलेलं, मागची दोन बाकं पायऱ्यांसारखी उंच केलेली, पुढे चालक आणि गाईड, मागे सहा पर्यटक. मारुतीने ही गाडी डिसेंबर १९८५ मध्ये बाजारात आणली आणि २०१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिचं उत्पादन थांबवलं. तरीही चंद्रपूर जिल्ह्यातलं व्याघ्रपर्यटन आजही मोठ्या प्रमाणावर तिच्याच पाठीवर चालतं. जी गाडी आता नवी विकत मिळत नाही, ती १,७२७ चौरस किलोमीटरच्या व्याघ्रप्रकल्पातल्या खडबडीत वाटांवर इतकी कशी टिकते, हा प्रश्न म्हणूनच विचारण्यासारखा आहे.

जिप्सीची पहिली ओळख तिचं वजन. उघड्या टपाची जिप्सी किंग रिकामी असताना साधारण ९८५ किलो भरते. सुझुकीच्या एसजे ४१० या छोट्या जीपच्या लांब आवृत्तीवरून ती घडली. पहिलं इंजिन ९७० सीसीचं, १९९६ पासून १,२९८ सीसीचं. ताकद बेताची, पण अंगावर चरबी नाही. म्हणूनच १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘रेड दी हिमालय’सारख्या शर्यतींत खासगी स्पर्धकांनी वर्षानुवर्षं तिच्यावर भिस्त ठेवली. भारतातल्या सामान्य स्पर्धकाला परवडणारी हलकी स्पोर्ट्स कार कुठली, असं विचारलं तर उत्तर बहुधा या चौकोनी डब्याकडेच बोट दाखवेल.

पण हलकेपणाचा हिशेब फसवा असतो. आठ माणसं, सरासरी ६५ किलोची धरली तर ५२० किलो होतात. वीस टनांच्या ट्रकला हे ओझं जाणवणारही नाही. जिप्सीचं वजन मात्र त्याने दीडपट होतं. त्यातले सहा जण मागच्या चाकांच्या आसपास, तेही उंचावर बसतात. म्हणजे मागच्या धुऱ्यावर रिकाम्या गाडीच्या पावणेदोन पट भार येतो आणि गुरुत्वमध्य वर सरकतो. स्प्रिंग भरल्या गाडीसाठी ताठ ठेवली, तर रिकामी गाडी उड्या मारते. रिकाम्या गाडीसाठी मऊ ठेवली, तर भरल्यावर धुरा रबरी ठोकळ्यावर आपटतो. गाडी जितकी हलकी, तितकी ही ओढाताण मोठी.

जिप्सीच्या चारही चाकांवर हा भार पाटे पेलतात. सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियम मिसळलेल्या पोलादाच्या, एकावर एक रचलेल्या वाकड्या पट्ट्या. मधोमध सेंटर बोल्ट, धुऱ्याला आवळणारे यू-बोल्ट, एका टोकाला झुलणारं शॅकल आणि त्यातले रबरी बुश. बांधणी बैलगाडीच्या काळाला शोभणारी आहे खरी, पण पाटा एकाच वेळी तीन कामं करतो: भार उचलतो, धुरा जागेवर धरतो, आणि पट्ट्या एकमेकींवर घासल्यामुळे थोडा धक्काही जिरवतो. उरलेलं काम शॉकअपचं.

या पाट्यांचा खरा वैरी मोठा खड्डा नाही. खड्डा दिसला की चालक वेग उतरवतो. वैरी आहेत मुरमाच्या रस्त्यावर आडव्या उठणाऱ्या बारीक लाटा. निकोला ताबेर्ले, स्टीफन मॉरिस आणि जिम मॅकएल्वेन यांनी २००७ मध्ये फिरत्या वाळूच्या थरावर चाक चालवून दाखवलं, की एका ठरावीक वेगापुढे या लाटा उठतातच. त्यासाठी चाकाला स्प्रिंग असणंही जरुरीचं नाही. दोन लाटांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर धरा. सफारीच्या एका फेरीत असा दहा किलोमीटर रस्ता लागला, तर साडेसोळा हजारांहून अधिक धक्के बसतात. सकाळ-दुपार दोन फेऱ्या आणि आठवड्याची सुट्टी धरूनही महिन्याला आठ लाखांच्या पुढे.

यातला एकही धक्का पाटा मोडण्याइतका जोरदार नसतो. तार एकदा वाकवून तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. धातूच्या या थकव्याचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकात जर्मन रेल्वे अभियंता ऑगस्ट व्योलर याने आगगाडीच्या धुऱ्यांवर केला. त्याच्या प्रयोगांतून निघालेली गोष्ट आजही प्रत्येक वाहनाच्या आराखड्यात असते: ताण एका मर्यादेखाली ठेवला तर पोलाद जवळपास अमर्याद फेरे सोसतं, मर्यादा ओलांडली की आयुष्य झपाट्याने घसरतं. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते.

पाटा तुटतो तो बहुधा सेंटर बोल्टच्या भोकापाशी किंवा टोकाच्या डोळ्यापाशी. यू-बोल्ट सैल पडले की मधला भाग हलू लागतो आणि भोकाच्या कडेला बारीक भेग जन्मते. पट्ट्यांमध्ये शिरलेली मुरमाची कच पृष्ठभाग खरवडते, तिथूनही भेगा सुरू होतात. म्हणून कारखान्यात पाट्यांवर पोलादी छर्ऱ्यांचा मारा करतात. त्याने वरचा थर दाबाखाली राहतो आणि भेग सहजी उघडत नाही. गॅसच्या ज्योतीवर तापवून बसका पाटा पुन्हा वाकवण्याचा स्वस्त उपाय हे सगळं पुसून टाकतो. पोलादाचं पाणी उतरतं आणि काही दिवसांत गाडी पुन्हा बसते.

एवढं असूनही पाट्याचा एक गुण मोलाचा आहे. तो बहुतेक वेळा सांगून मोडतो. एक पट्टी गेली की गाडी एका अंगाला कलते, आवाज करते, तरी उरलेल्या पट्ट्या तिला गेटपर्यंत आणतात. मुख्य पाट्याचा डोळाच तुटला तर धुरा सरकण्याचा धोका असतो, पण त्याआधी कुरकुर ऐकण्याची संधी सहसा मिळालेली असते. कोळशाच्या ट्रकांच्या या जिल्ह्यात पाटा जोडणारे हातही जुने आहेत.

आता दुसऱ्या टोकाची गाडी पाहू. ब्रिटनच्या लोटस कंपनीची एलिस १९९६ मध्ये रस्त्यावर आली. ॲल्युमिनियमचे भाग चिकटवून केलेला सांगाडा अवघा ६८ किलोचा, गाडी सव्वासातशे किलोच्या आसपास. चालवायला अप्रतिम, पण तिच्या मागच्या चाकाची दिशा धरून ठेवणारी टो-लिंक ही बारीक दांडी मालकांच्या काळजीचा विषय ठरली. तिचा बॉल जॉइंट एकाच बाजूने आधारलेला. शर्यतीच्या ट्रॅकवर चिकट टायर लावून गाडी पिटाळली की त्याचा खुंट थकतो आणि मोडला तर मागचं चाक आपल्या मर्जीने वळतं. म्हणून ट्रॅकवर जाणारे मालक दोन्ही बाजूंनी आधार देणारा कंस बसवून घेतात. वजन वाढतं थोडंसंच, पण भरवसा बराच वाढतो.

लोटसच्या इतिहासात हा धडा नवा नव्हता. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या मोंझुईक रस्त्यांवर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोन्ही फॉर्म्युला वन चालकांच्या लोटस गाड्यांचे उंच मागचे पंख शर्यतीत कोसळले. हवेचा दाब थेट चाकांवर यावा म्हणून त्या पंखांचे खांब सस्पेन्शनवरच उभे केलेले होते. पुढच्याच वर्षी, ५ सप्टेंबर १९७० ला, मोंझा इथे सरावात रिंटचा मृत्यू झाला. तपासात पुढच्या ब्रेकचा दांडा निकामी झाल्याचं पुढे आलं. भाग बारीक करत नेण्याच्या या पद्धतीत प्रत्येक तुकड्यावर सगळ्या गाडीचा जीव टांगलेला असतो.

ताडोबातून पूर्वेला गडचिरोलीत उतरलं की हिशेबाला आणखी एक पदर येतो. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉयमध्ये झालेल्या रस्ताचाचणीतून एक ढोबळ नियम निघाला: रस्त्याची झीज धुऱ्यावरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भारतात २०१८ पासून चार टायरांच्या एका धुऱ्यावर साडेअकरा टन भार चालतो. भरल्या जिप्सीच्या धुऱ्यावर सरासरी पाऊण टन. या नियमाने ट्रकच्या एका धुऱ्याची एक फेरी जिप्सीच्या धुऱ्याच्या पन्नास हजारांहून अधिक फेऱ्यांएवढी भरते. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचं लोहखनिज आलापल्ली-आष्टीकडे वाहून नेणाऱ्या ट्रकांनी त्या रस्त्यांचं काय केलं, ते तिथल्या प्रवाशांना सांगायला नको. जुलै २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी ८५ किलोमीटरची खनिजवाहिनी सुरू झाली. खनिज नळातून जितकं जाईल, तितकी रस्त्यावरची रहदारी हलकी व्हावी. याच जिल्ह्यात १ जानेवारी २०२५ ला अहेरी-गर्देवाडा एसटी पहिल्यांदा धावली. तिच्या पाट्यांचं आयुष्यही अशाच हिशेबावर ठरणार आहे. रस्ता जड गाडी मोडते आणि भुर्दंड हलक्या गाडीला पडतो.

जिप्सीला वारस लागणार, हे उघड आहे. जून २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीने अखंड धुरे ठेवले, पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग घेतल्या; बसायला आराम वाढला, पण जागा चारांचीच. उद्या विजेवर चालणारी सफारीगाडी आली तर बॅटरीचं वजन याच मुरमावर येईल. तेव्हा वेग आणि पल्ला विचारण्याआधी मोहर्लीच्या जिप्सीमालकाने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: आठ माणसं बसल्यावर मागच्या धुऱ्यावर किती भार येतो, कुठला भाग मोडला तर गाडी जागीच थांबते, आणि तो भाग चंद्रपुरात संध्याकाळपर्यंत बदलून मिळतो का. जिप्सी टिकली ती या तिन्ही प्रश्नांना तिच्याकडे बऱ्यापैकी उत्तर होतं म्हणून.