बोरघाटांतील जुना आगगाडीचा पूल

आमच्या भरे गांवास आगगाडी नाहीं. ती पाहावयाची तर पुण्यास किंवा लोणावळ्यास जावें लागतें. लोणावळ्याहून मुंबईच्या सडकेनें बोरघाट उतरूं लागलें, कीं कांहीं वर्षांपूर्वीपर्यंत एक उंच दगडी पूल दृष्टीस पडे. मलमाच्या जाहिरातीवरून लोक त्यास ‘अमृतांजन पूल’ म्हणत. त्यावरून एके काळीं आगगाडी धांवत असे, हें मात्र थोड्यांसच ठाऊक होतें.

हा पूल १८३० सालचा, असें पुष्कळदां लिहिलेलें आढळतें. वाचकहो, थोडा विचार करा. आपल्या देशांत उतारूंची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेली. मग तिचा पूल २३ वर्षें आधीं कसा होईल? १८३० हें साल घाटांतील सडकेचें आहे. गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांच्या कारकीर्दींत ती खुली झाली.

घाटांतील लोहमार्गाचें काम १८५६ सालीं सुरू झालें आणि २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांनीं तो मार्ग खुला केला. मुख्य एंजिनियर जेम्स बर्कले ह्यांनीं तो आंखला. परंतु तो पुरा होण्यापूर्वींच, १८६२ सालीं, ते वारले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं येथें आले व थोड्याच दिवसांत मरण पावले. तेव्हां त्यांच्या पत्नी ॲलिस ह्यांनीं कंत्राट आपल्या हातीं घेतलें. सुमारें १६ मैलांत १,८३१ फूट चढावयाचें होतें. त्यासाठीं २५ बोगदे खोदावे लागले. १८६१ सालीं कामावर सुमारें ४२,००० माणसें होतीं.

खंडाळ्याखालीं गाडीस वळण घ्यावयास डोंगरावर जागाच नव्हती. म्हणून तेथें ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ केलें. खालून आलेली गाडी तेथें थांबे. एंजिन सोडवून तिच्या दुसऱ्या टोकास जोडीत. आणि जें टोक मागें होतें तेंच पुढें होऊन गाडी उरलेला घाट चढे. नागमोडी पायवाट चढणारा मनुष्य कोपऱ्यावर तोंड फिरवितो, तसेंच हें. आपला पूल ह्याच स्टेशनाच्या मार्गावर होता.

१९२९ सालीं नवे बोगदे काढून मार्ग बदलला, तेव्हां हें स्टेशन बंद पडलें व पूल ओस झाला. पुढें द्रुतगती मार्ग झाला. पुलाचे खांब रस्त्याच्या मध्यें आले आणि वाहनें अडूं लागलीं. अखेर एप्रिल २०२० मध्यें, टाळेबंदीनें रस्ता रिकामा असतां, सुरुंग लावून तो पाडण्यांत आला.

रस्ता मोकळा होणें अवश्य होतें, हें आम्हांस मान्य आहे. तथापि साहेबांचीं नांवें ग्रंथांत राहिलीं. ज्या हजारों मजुरांनीं घाट फोडला, त्यांतील बहुतेकांचीं नांवें इतिहासानें राखलीं नाहींत. त्यांनीं रचलेला दगड हीच त्यांची खूण, आणि तीही आतां एक कमी झाली. म्हणून पालकांनीं गांवाजवळचा जुना पूल, बंधारा वा विहीर मुलांस दाखवावी. आणि ती कोणीं, केव्हां व कां बांधली, हें मुलांनीं वडील माणसांस विचारून, ती उभी आहे तोंच, लिहून ठेवावें.