प्लेट पंचाची सामनापूर्व तयारी (सॉफ्टबॉल)

सॉफ्टबॉलच्या सामन्यात कॅचरच्या मागे उभा राहून प्रत्येक चेंडू 'स्ट्राइक' की 'बॉल' हे ठरविणाऱ्या पंचास प्लेट पंच असे म्हणतात. पंचमंडळात दोन, तीन किंवा चार पंच असले, तरी सामन्याची मुख्य जबाबदारी त्याच्याकडे असते. ही जबाबदारी पहिला चेंडू पडण्यापूर्वीच सुरू होते.

संरक्षक साहित्य

महिलांच्या वेगवान सॉफ्टबॉलमध्ये पिचरची प्लेट होम प्लेटपासून ४३ फूट (१३.११ मी.) अंतरावर असते, पुरुषांसाठी हे अंतर ४६ फूट असते. चांगल्या पिचरचा चेंडू हे अंतर अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात कापतो. बॅटीला निसटता लागलेला चेंडू दिशा बदलून थेट पंचाच्या अंगावर येऊ शकतो, आणि तो चुकविण्यास सवड नसते. म्हणून गळ्याचे रक्षण करणारा मुखवटा, छातीचे कवच, नडगीरक्षक आणि टणक पुढच्या टोकाचे बूट ही साधने पंच स्वतः तपासून घेतो. मुखवट्याचा पट्टा सैल असेल तर ऐन वेळी दृष्टी अडते. डाव्या हातात मावणारे गणकयंत्र (बॉल, स्ट्राइक व बाद यांची नोंद ठेवणारे), प्लेट पुसण्याचा लहान ब्रश आणि कमरेची चेंडूंची पिशवी हे उरलेले साहित्य होय.

सहकारी पंचांशी विचारविनिमय

मैदानावर उतरण्यापूर्वी पंच एकत्र बसतात. उंच उडालेल्या चेंडूमागे कोणी जायचे, धावपटू पुढे सरकल्यावर कोणत्या बेसचा निर्णय कोणी द्यायचा, 'इनफील्ड फ्लाय'ची शक्यता एकमेकांस कोणत्या खुणेने कळवायची, बॅटरने बॅट पूर्ण फिरविली की नाही याबाबत विचारणा कशी करायची, हे सारे येथे ठरते. ही चर्चा टाळली, तर एकाच झेलावर दोन पंच दोन निर्णय देतात. त्याहून वाईट म्हणजे कोणीच देत नाही.

मैदान व खेळाडूंचे साहित्य

बेसमधील अंतर ६० फूट (१८.२९ मी.) असते. फक्कीच्या रेषा, बॅटरचे चौकोन, पिचरभोवतालचे ८ फूट त्रिज्येचे वर्तुळ आणि पहिल्या बेसची दुहेरी गादी (पांढरा भाग मैदानाच्या आत, रंगीत भाग बाहेर) यांची पाहणी केली जाते. खड्डे, दगड, कुंपणातील फटी यांकडेही लक्ष द्यावे लागते. महाराष्ट्रात शालेय स्पर्धा पुष्कळदा अनेक खेळांसाठी वापरल्या जाणाऱ्या मैदानांवर होतात. तेथे झाडाची फांदी किंवा भिंत खेळाच्या आड आल्यास काय करायचे, हे आधी ठरविणे अगत्याचे असते.

नियमानुसार बॅट ३४ इंचांहून लांब नसावी. तडे गेलेली, पोचे पडलेली किंवा मूठ सैल झालेली बॅट बाजूला काढली जाते. हेल्मेटना चिरा नाहीत, हेही पाहिले जाते.

होम प्लेटजवळील बैठक

सामन्याच्या काही मिनिटे आधी दोन्ही संघांचे प्रशिक्षक होम प्लेटजवळ येऊन आपल्या खेळाडूंचे क्रमपत्रक देतात. या टप्प्यावर घाई करणे सर्वांत महाग पडते. नावे व क्रमांक जुळतात का, एकच क्रमांक दोनदा आला आहे का, हे पंच पाहतो. 'नियुक्त खेळाडू' वापरला असेल, तर ज्याच्याऐवजी तो फलंदाजी करणार त्या 'फ्लेक्स' खेळाडूचे नाव दहाव्या स्थानी असावे लागते. अन्यथा नावे नऊच असतात. पत्रकास मान्यता मिळाली की ते अधिकृत होते आणि त्यानंतरचा फेरफार बदली खेळाडूच्या नियमांखाली येतो. त्यामुळे प्रशिक्षकाची साधी लेखनचूक याच वेळी निदर्शनास आणून देणे न्याय्य ठरते. मग मैदानाचे स्थानिक नियम दोघांनाही एकत्रच सांगितले जातात.

शेवटची काही मिनिटे

पिचरच्या सरावाच्या चेंडूंवरून पंच त्याची फेक व चेंडूचे वळण न्याहाळतो. यानंतर तो १७ इंच रुंदीची होम प्लेट ब्रशने स्वच्छ करतो. असे वाकताना प्रेक्षकांकडे पाठ होऊ नये म्हणून मैदानाकडे पाठ करण्याचा शिष्टाचार आहे. मग बॅटर व कॅचर यांच्यामधील फटीतून संपूर्ण प्लेट दिसेल अशी जागा घेऊन तो बॅटरच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंतचा स्ट्राइकचा पट्टा नजरेत बसवतो, आणि पिचरकडे बोट करून 'प्ले बॉल' असे पुकारतो.