रोहरीचा चर्ट ओळखायचा कसा?

सिंधमध्ये सक्करजवळच्या रोहरी टेकड्यांत इओसीन काळातला सागरी चुनखडक आहे आणि त्यात चर्ट या सिलिकायुक्त दगडाचे गोटे सापडतात. इ.स.पू. 2600 ते 1900 या काळात हडप्पा संस्कृतीच्या लोकांनी ते खणून लांब, समांतर कडांची पाती काढली. गुजरातेतल्या उत्खननांत करड्या-तपकिरी रंगाचं पातं मिळालं की ते रोहरीचं, असं लगेच म्हटलं जातं. माझ्या मते नुसत्या रंगावर एवढा भार टाकू नये. एकाच गोट्यात रंगाच्या दोन-तीन छटा असतात, आणि उन्हापावसात पडून राहिलेल्या पृष्ठभागाचा रंग तर पार बदलतो. त्यापेक्षा पात्याच्या कडेला उरलेली गोट्याची मूळ साल भिंगाखाली पाहावी. ती चुनखडीची, पांढुरकी, खरबरीत असेल, आतल्या दगडात सूक्ष्म सागरी जीवाश्मांचे ठसे असतील, तर निदान तो दख्खनच्या बेसाल्टमधला नव्हे हे पक्कं होतं. तिथल्या लाव्ह्याच्या पोकळ्यांत तयार झालेल्या कॅल्सेडनीत सागरी जीवाश्म कुठून येणार?

यावर कुणी म्हणेल, रासायनिक चाचणी करा, प्रश्न मिटला. पण चर्ट बहुतांशी सिलिकाच असतो. फरक दिसतो तो अल्प प्रमाणातल्या मूलद्रव्यांत, आणि त्यांचं प्रमाण एकाच खाणीतही कमीजास्त होतं. तुलनेसाठी सगळ्या संभाव्य ठिकाणांचे भरपूर नमुने हाताशी नसतील, तर आकडे फसवतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चुनखडक काही रोहरीपुरताच नाही, कच्छ-सौराष्ट्रातही आहे. म्हणूनच पातं जिथं सापडलं त्या वस्तीत पाती काढून उरलेले गाभे आणि छिलके मिळतात की फक्त तयार पाती, हेही पाहावं लागतं; फक्त तयार पातीच असतील, तर ती बाहेरून आली असण्याची शक्यता वाढते.